वाइल्ड अटलांटिक वे: डब्लिनहून काही महिने, तुकड्यातुकड्याने

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याने जाणारा हा रस्ता २०१४ मध्ये या नावाने सुरू झाला. उत्तरेला डोनेगॉलपासून दक्षिणेला कॉर्क काउंटीतल्या किन्सेलपर्यंत, साधारण २५०० किलोमीटर. यासाठी नवा रस्ता बांधलेला नाही. गावागावांतले जुनेच रस्ते निळ्या पाट्या लावून एकमेकांना जोडलेत आणि पाटीवर पांढरी नागमोडी खूण असते. आम्ही राहतो डब्लिनला. मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत जमेल तेव्हा निघायचं, असं करत क्लेअर आणि केरी या काउंट्या मनासारख्या झाल्या, गॉलवेजवळचा कॉनेमारा भाग थोडाफार झाला, डोनेगॉल राहिलं. कधी आम्ही दोघं आणि मुलं, तर उन्हाळ्यात नाशिकहून आलेले आई-बाबाही बरोबर. ओळखीतल्या मराठी कुटुंबांचा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: आठवड्यात सगळं होईल का? म्हणून सविस्तर लिहितेय.

होणार नाही, आणि मुलं-म्हातारी माणसं बरोबर असतील तर तसा हट्टही धरू नये. या रस्त्यावर किलोमीटर मोजण्यात काही अर्थ नाही. डब्लिन ते गॉलवे मोटरवे आहे, १२० च्या वेगाने सरळ जाता येतं. खरी गंमत त्यानंतर. गावाकडच्या छोट्या रस्त्यांची वेगमर्यादा फेब्रुवारी २०२५ पासून ८० वरून ६० वर आणली आहे, पण केरीतल्या डिंगल द्वीपकल्पाच्या टोकाला स्ली हेड आहे, तिथल्या वळणांवर ६० सुद्धा गाठवत नाही. डिंगल गावातून निघून स्ली हेडवरून परत डिंगलला येणारा फेरा नकाशावर ५० किलोमीटरही भरत नाही. आम्हाला सकाळपासून दुपार उलटेपर्यंत वेळ लागला, आणि तोही कमीच पडला.

रस्ता कसा असतो ते सांगते. दोन्हीकडे फ्यूशियाची कुंपणं, लाल फुलांनी लगडलेली, इतकी जवळ की फांद्या आरशाला घासतात. काही ठिकाणी रस्त्याच्या मधोमध गवत उगवलेलं. समोरून ट्रॅक्टर आला की ज्याच्या मागे रुंद जागा जवळ असेल त्याने मागे जायचं. कोणी हॉर्न वाजवत नाही. बाजूने जाताना समोरचा माणूस स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो, एवढाच नमस्कार. माझ्या धाकटीने हे दुसऱ्याच दिवशी उचललं आणि मागच्या सीटवरून ती प्रत्येक गाडीला बोट दाखवत होती. डावीकडून चालवायची सवय आपल्याला असतेच, त्यामुळे भारतातून आलेल्यांना तेवढं सोपं जातं. स्ली हेडला मात्र घड्याळाच्या काट्याच्या दिशेनेच जा. मोठ्या बसही त्याच दिशेने जातात, म्हणजे अरुंद कड्यावर बस अंगावर येत नाही.

गाडीबद्दल: आमची छोटी हायब्रिड या रस्त्यांना अगदी योग्य. आई-बाबा आले तेव्हा सात जणांची गाडी भाड्याने घेतली. बसायला ऐसपैस, पण प्रत्येक वळणावर जीव मुठीत. फांदीने आरशावर आलेल्या बारीक ओरखड्यासाठी भाडे कंपनीने वसूल केलेली रक्कम मला आजही अन्यायाची वाटते. गाडी घेताना चारही बाजूंचे फोटो काढा आणि विम्यात आपल्या खिशातून किती जाणार, हे सही करण्याआधी विचारा. १५० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या किंवा ३६ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांना उंची-वजनाला साजेशी खास सीट किंवा बूस्टर लागतंच. आपल्याकडची मांडीवर बसवण्याची सवय इथे चालत नाही.

आमचा सगळ्यात चांगला निर्णय म्हणजे रोज नवीन मुक्काम न करता एकाच गावात घर घेणं. डिंगलमध्ये आम्ही तसं केलं. पाऊस असेल तर मत्स्यालय, उघडीप मिळाली की गाडी बाहेर. जवळच्या इंच नावाच्या किनाऱ्यावर सुमारे ५ किलोमीटर वाळू आहे, पाणी जुलैतही बर्फासारखं, तरी मुलं बाहेर यायला तयार नव्हती. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच पाण्यात उतरायचं, एवढं पाळा.

बाबा पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालेले. गॅलरसचं छोटं दगडी प्रार्थनागृह बघायला दहा मिनिटं पुरतील असं मी धरलं होतं, ते तिथे तासभर रमले. उलट्या होडीच्या आकाराची वास्तू, चुना नाही, माती नाही, दगडावर दगड थोडा थोडा आत सरकवत रचलेला. बाबांनी दोन दगडांच्या सांध्यात नख घालून पाहिलं, आत जाऊन छताला हात लावला. बाहेर पाऊस चालू होता आणि आत कोरडं. "आपली हेमाडपंती देवळं अशीच, बिनचुन्याची," असं नातवाला सांगत त्यांनी खडे गोळा करून त्याच्याकडून छोटा घुमटही रचून घेतला.

तिथून पुढे डनक्विन गावाचा बोटींचा धक्का. समोर ब्लास्केट बेटं. मोठ्या बेटावरची शेवटची कुटुंबं १९५३ मध्ये सरकारने मुख्य भूमीवर आणली, कारण तरुण निघून गेले होते आणि वादळात डॉक्टरसुद्धा पोचू शकत नव्हता. आईला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ त्या पडक्या घरांकडे बघत राहिली. या भागातल्या पाट्यांवर बहुतेक ठिकाणी फक्त आयरिश भाषेतली नावं असतात, त्यामुळे निघण्याआधी गावांची इंग्रजी आणि आयरिश दोन्ही नावं बघून ठेवा.

क्लेअरमधले मोहेरचे कडे सगळ्यांना माहीत आहेत, २१४ मीटर उंच, गर्दीही तशीच. तिकीट ऑनलाइन काढा, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा. जूनमध्ये रात्री १० पर्यंत उजेड असतो, त्याचा फायदा घ्या. मे-जूनमध्ये दुर्बीण न्या, पफिन पक्षी दिसतात. मला त्यापेक्षा शेजारचं बरेन जास्त भावलं. क्षितिजापर्यंत करडा चुनखडक आणि त्याच्या भेगांमधून डोकावणारी इवली फुलं. क्लेअरहून केरीला जाताना किलिमर-टार्बर्ट फेरी घ्या. गाडीसकट २० मिनिटांत शॅनन नदी पार, नाहीतर लिमरिकला मोठा वळसा. फेरीवर वरच्या डेकला उभे राहा, या खाडीत डॉल्फिनचा कायमचा वावर आहे.

शाकाहारी मंडळींनी जेवणाच्या वेळा सांभाळाव्यात. छोट्या गावांतल्या पबचं स्वयंपाकघर दुपारी तीनच्या आसपास बंद होतं, मग थेट संध्याकाळी उघडतं. भाज्यांचं सूप आणि ब्राउन ब्रेड जवळपास सगळीकडे मिळतो, पण सूप चिकनच्या पाण्यात केलंय का हे विचारा. खरंच विचारा, वाईट वाटून घेत नाहीत. आम्ही डब्लिनहून डाळ-तांदूळ, बेसन आणि आईने केलेल्या दशम्या नेत होतो. भिजून आल्यावर घरी गरम पिठलं मिळालं की मुलांची कुरकुर थांबायची.

आता डोनेगॉल. डब्लिनहून मॅप जो जवळचा रस्ता दाखवतो तो उत्तर आयर्लंडमधून जातो. सीमेवर तपासणी नाका नाही, फक्त वेगाच्या पाट्या मैलांत होतात. पण उत्तर आयर्लंड हा युनायटेड किंगडमचा भाग आहे. भारतीय पासपोर्ट असेल तर इथलं रहिवासी कार्ड तिथे चालत नाही, वेगळा व्हिसा लागतो. भारतातून येणाऱ्या पाहुण्यांच्या आयरिश व्हिसावर बीआयव्हीएस (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) असं लिहिलेलं असेल तर त्यांना जाता येतं. म्हणजे आमच्या घरात आई-बाबांना मुभा आणि आम्हाला नाही. म्हणून वसंतात आम्ही स्लायगोवरून जाणार आहोत, एन४ आणि मग एन१५ या महामार्गांनी, सगळा रस्ता आयर्लंडमधूनच. स्लीव्ह लीगचे कडे ६०१ मीटर, मोहेरच्या जवळजवळ तिप्पट, आणि खालून वर शटल बस जाते, त्यामुळे बाबांच्या गुडघ्यांचीही अडचण नाही.