मँचेस्टरचा पहिला हिवाळा: कोट, हीटर आणि ओल

सप्टेंबरमध्ये इकडे शिकायला किंवा नोकरीला येणाऱ्यांचे फोन जुलैपासूनच सुरू होतात. "ताई, थंडीसाठी काय काय आणू?" बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मनाली असते आणि खरेदीही त्याच हिशेबाने झालेली असते. मँचेस्टरला बर्फ पडतो, पण वर्षातले मोजके दिवस, आणि शहरात तो बहुधा दुपारपर्यंत चिखल होऊन जातो. जानेवारीत दुपारचं तापमान 7 अंशांच्या आसपास असतं, पहाटे एक-दोन. हे ऐकून पुणेकर म्हणतात, एवढंच? पाषाणला पारा 8 पर्यंत उतरतोच की. उतरतो, पण ती थंडी कोरडी असते आणि दहा वाजता अंगणात ऊन येतं. इथे डिसेंबरात सूर्य सव्वाआठनंतर उगवतो आणि चारच्या आत मावळतो. पावसाचं म्हणाल तर पुण्यात वर्षाला जेमतेम सात-साडेसातशे मिलिमीटर पडतो, इथे आठशेच्या पुढे. फरक फार नाही. पण पुण्याचा पाऊस चार महिन्यांत उरकतो, इथे तो वर्षातले दीडशे-एक दिवस रिपरिपत राहतो. कोकणातला श्रावण 5 अंशांवर आणून ठेवला तर जे होईल, तो इथला हिवाळा. तयारी ओलीची करायची आहे. पुढचे सगळे निर्णय मी याच एका कसोटीवर लावते.

पिसांचा कोट की पावसाळी जॅकेट

डाउन जॅकेट, म्हणजे बदकाच्या मऊ पिसांचं, वजनाला हलकं आणि कोरड्या थंडीत अप्रतिम. पण पिसं भिजली की गोळा होतात आणि ऊब जाते. आत कृत्रिम तंतू भरलेलं जॅकेट ओलं झालं तरी थोडीफार ऊब धरून ठेवतं, लवकर वाळतं आणि स्वस्तही पडतं. मँचेस्टरसाठी माझं मत स्पष्ट आहे: एकच गोष्ट घेण्याइतके पैसे असतील तर टोपी असलेलं, शिवणी आतून पट्टी लावून बंद केलेलं वॉटरप्रूफ जॅकेट घ्या, आत स्वेटर किंवा फ्लीस घालता येईल इतकं सैल. लेबलवर 'वॉटर रेझिस्टंट' असेल तर ते जोरदार पावसात फार वेळ टिकत नाही. 'वॉटरप्रूफ' हाच शब्द शोधा. पिसांचा कोट आधीच घेतला असेल तर फेकू नका, कोरड्या दिवशी तो सुखाचा आहे.

थरांवर कपडे घालण्याचं आणखी एक कारण आहे. बाहेर 4 अंश असतात, पण ट्राम, ऑफिस, वाचनालय, दुकानं सगळी तापलेली. एकच जाडजूड कोट घालून ट्राममध्ये शिरलात की घामाने भिजाल, आणि उतरल्यावर तोच घाम थंड पडेल.

छत्री की टोपी, हा प्रश्न वाऱ्यानेच सोडवला आहे. टोपी.

तिकडून आणायचं की इथे घ्यायचं

थर्मलचे दोन-तीन जोड, कानटोपी, शाल आणि आईने किंवा मावशीने विणलेला लोकरी स्वेटर तिकडून आणा. आपल्याकडचे थर्मल स्वस्त असतात आणि इथे पुरतात. जॅकेट आणि बूट मात्र इथे येऊन घ्या. आपल्याकडे मिळणारी बरीच 'विंटर जॅकेट्स' पावसाचा विचार करून शिवलेली नसतात, आणि बॅगेतली तीन किलो जागा मसाल्यांना जास्त शोभते. इथल्या चॅरिटी शॉपमध्ये, म्हणजे दानात आलेल्या वापरलेल्या वस्तूंच्या दुकानात, चांगली जॅकेट्स निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच चक्कर मारा, नोव्हेंबरात सगळेच शोधत असतात.

बुटांवर हात आखडू नका. कापडी स्पोर्ट्स शूज एका पावसात भिजतात आणि या हवेत दोन दिवस वाळत नाहीत. घोट्यापर्यंतचे, वॉटरप्रूफ, खोल खाचांच्या तळव्याचे बूट आणि लोकरीचे मोजे घ्या. काउन्सिल, म्हणजे इथली महापालिका, बर्फ जमू नये म्हणून मुख्य रस्त्यांवर मीठ टाकते, गल्ल्या आणि फुटपाथ बहुतेक वेळा तसेच राहतात. सकाळी काळ्याशार दिसणाऱ्या फरशीवर डोळ्यांना न दिसणारा बर्फाचा पापुद्रा असतो, आणि हात मोडतात ते तिथेच.

गॅसचं हीटिंग की विजेचा हीटर

इथे सगळ्यात जास्त पैसे जातात, आणि सगळ्यात जास्त गैरसमजही इथेच आहेत. रशोम किंवा फॅलोफील्ड या भागांतल्या लाल विटांच्या, एकमेकांना चिकटलेल्या जुन्या घरांच्या रांगांमध्ये घर घेतलंत तर बहुधा गॅसचा बॉयलर आणि प्रत्येक खोलीत रेडिएटर असतील. पैसे वाचवायचे म्हणून एकत्र राहणारे चौघं ते बंद ठेवतात आणि चार खोल्यांत चार विजेचे हीटर लावतात. हिशेब करून बघा. विजेचं युनिट साधारण 25 पेन्सला पडतं, गॅसचं साधारण 6 पेन्सला. नेमका दर तुमच्या बिलावर असतो, पण वीज चौपट महाग हे प्रमाण लक्षात ठेवा. 2 किलोवॅटचा एक हीटर तासाला 50 पेन्स खातो. चार हीटर म्हणजे 2 पौंड. गॅसचा बॉयलर थंडगार घर तापवताना तासाला आठ-दहा युनिटं जाळतो असं धरलं तरी 50-60 पेन्स होतात, आणि घर एकदा तापलं की खर्च उतरतो. म्हणजे चौघं घरात असाल तर गॅसच.

एकटे असाल आणि दिवसभर एकाच टेबलाशी बसणार असाल तर गणित बदलतं. अशा वेळी खोली तापवण्यापेक्षा अंग तापवा. विजेचं पांघरूण 100 वॅटच्या आसपास वीज घेतं, तासाला अडीच पेन्स. रबरी शेकपिशवीला तर किटलीभर पाणी पुरतं. मी कित्येक रात्री गोधडीखाली शेकपिशवी घेऊनच काढल्या आहेत.

तेल भरलेला विजेचा हीटर पंख्याच्या हीटरपेक्षा वीज वाचवतो, असं दुकानदारही सांगतात, पण ते खरं नाही. दोन्ही घेतलेल्या विजेची पूर्ण उष्णताच करतात. तेलाचा आवाज करत नाही आणि बंद केल्यावर थोडा वेळ ऊब देतो, एवढाच त्याचा फायदा. कुठलाही हीटर एक्स्टेंशन बोर्डवर लावू नका, त्यावर कपडे वाळवू नका. आणि कोळशाची शेगडी घरात पेटवणं जिवावर बेतू शकतं, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

बॉयलर बंद पडला तर घरमालकाला लेखी कळवा, फोनवर भागवू नका. 1985 च्या घरमालक-भाडेकरू कायद्याने हीटिंग आणि गरम पाण्याची व्यवस्था दुरुस्त ठेवणं ही त्याची जबाबदारी आहे.

कपडे कुठे वाळवायचे

पहिल्या वर्षी मी रेडिएटरवर कपडे वाळवले, थंडी येते म्हणून खिडकी उघडली नाही, आणि कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवलं. फेब्रुवारीत कपाटामागची भिंत काळी पडलेली होती आणि आईने दिलेल्या रेशमी साडीला कुबट वास. तो वास धुलाईनंतरही गेला नाही. एका धुण्यातून लिटर-दोन लिटर पाणी खोलीतल्या हवेत जातं, ते थंड काचेवर आणि भिंतीवर जमतं, आणि बुरशीला तेवढं पुरतं.

पर्याय दोन. विजेची तापणारी दांडी स्वस्त आहे, पण ती कपड्यातलं पाणी फक्त हवेत सोडते. डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्र, शंभर-दीडशे पौंडांना येतो, पण पाणी डबीत ओढून घेतो, आणि तेच पाणी संध्याकाळी मोरीत ओतताना पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. चौघांत वर्गणी काढून हाच घ्या. खोली बहुतेक वेळ थंडच असेल तर डेसिकंट प्रकारचा, म्हणजे ओल शोषणाऱ्या पदार्थावर चालणारा, घ्या. तो जास्त वीज खातो, पण कॉम्प्रेसरवाला थंडीत मंदावतो. जवळ काहीच नसेल तर कपडे न्हाणीघरात, दार बंद, एक्झॉस्ट पंखा चालू. आणि कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा.

अंधाराची तयारी गोळीने होते. ऊन फारसं मिळत नाही, म्हणून एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, ऑक्टोबर ते मार्च रोज 10 मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घेण्याचा विचार करायला सांगते, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या लोकांनी ते वर्षभर घेण्याचा विचार करावा, असंही.

डिसेंबरात घरी जाताना

नाताळच्या सुट्टीत भारतात जाणारे हीटिंग पूर्ण बंद करून जातात, तीन आठवड्यांचं बिल वाचेल म्हणून. थर्मोस्टॅट 10-12 अंशांवर ठेवून गेलात तर थोडे पौंड जातील. पण मध्ये एखादा कडाक्याचा आठवडा आला आणि नळी गोठून फुटली, तर परतल्यावर छतातून गळणारं पाणी आणि फुगलेली जमीन भेटते. जाण्याआधी स्टॉपकॉक, म्हणजे घराचं पाणी बंद करायची मुख्य तोटी, कुठे आहे ते बघून ठेवा, बहुधा स्वयंपाकघरातल्या सिंकखाली असतो. तो फिरतो का तेही त्याच दिवशी तपासा, आणि घराची एक किल्ली इथेच राहणाऱ्या कुणाकडे तरी देऊन निघा.