‘आभा’ आरोग्य खाते, आठ महिन्यांचा अनुभव: संमती नेमकी कोणाची?

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीतल्या आमच्या घरात शिरले आणि आईच्या मधुमेहाच्या फाईलचा लगदा झाला. जुने रिपोर्ट, इ.सी.जी., कोणते औषध का बंद केले याच्या डॉक्टरांच्या हातच्या नोंदी, काहीच वाचले नाही. त्यानंतर मिरजेला नव्या डॉक्टरांकडे गेलो की ‘आधीचे कागद?’ हा प्रश्न ठरलेला, आणि आमच्याकडे उत्तर नसे. म्हणून आठ महिन्यांपूर्वी मी ‘आभा’ या सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचे ॲप घेऊन स्वतःचे खाते काढले; आपल्या उपचारांच्या नोंदी त्यात फोनवर पाहता येतात. आईचे काढायला गेले तेव्हा कळले की तिचा चौदा अंकी आभा क्रमांक आधीच तयार झालेला आहे, आणि तिला त्याचा पत्ताही नाही.

सोय खरी आहे, हे आधी सांगते. रुग्णालयाच्या दारावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की नाव, पत्ता, वय आपोआप केसपेपरवर जाते आणि टोकन फोनवर येते. जोडलेल्या प्रयोगशाळेचे रिपोर्टही ॲपमध्ये दिसतात. पुन्हा पूर आला तरी तेवढे तरी हाती राहील.

अनेकांना वाटते की आपली सगळी माहिती दिल्लीत एका जागी साठवली जाते. २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या आणि राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण चालवत असलेल्या या ‘आयुष्मान भारत डिजिटल मिशन’ योजनेची रचना तशी नाही. नोंदी ज्या त्या रुग्णालयाच्या यंत्रणेतच राहतात, आणि दुसऱ्या डॉक्टरांना त्या हव्या असतील तर रुग्णाच्या फोनवर संमतीची विनंती येते. मला ही रचना पटते. मात्र त्यामुळे माझ्या नोंदींची सुरक्षितता प्रत्येक दवाखान्याच्या संगणकावर अवलंबून राहते. दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर नोव्हेंबर २०२२ च्या सायबर हल्ल्यानंतर कित्येक दिवस बंद होते. मग जिथे पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला मी स्वतः पाहिला आहे, तिथे काय अपेक्षा ठेवायची?

तिसऱ्या महिन्यात गुडघ्याच्या दुखण्यासाठी एका रुग्णालयात गेले असताना माझ्याकडे संमतीची विनंती आली. त्यात औषधांच्या चिठ्ठ्या, तपासणी अहवाल, डिस्चार्ज कार्ड अशा सगळ्या प्रकारच्या नोंदी, त्याही मागच्या अनेक वर्षांच्या, मागितल्या होत्या. पुरानंतर मला झोप लागत नसे आणि त्यासाठी मी दीर्घकाळ उपचार घेतले. ती चिठ्ठीही मी खात्यात जोडलेली होती. गुडघा तपासणाऱ्याला तिची गरज नव्हती. विनंतीतल्या तारखा आणि नोंदींचे प्रकार बदलता येतात, हे मला त्या दिवशी शोधल्यावर सापडले. मी फक्त एक्स-रे आणि रक्ततपासणी ठेवली, मुदत कमी केली आणि डॉक्टरांचे काहीही अडले नाही. पण पाठीमागे रांग आणि समोर ‘ताई, ओके करा ना’ म्हणणारा कर्मचारी असताना हे किती जण करतील? दिलेली संमती नंतर मागे घेता येते, हे चांगलेच आहे. तरी तोपर्यंत जे वाचले किंवा छापले गेले ते परत येत नाही.

आईचे खाते कसे निघाले, ते मी तिच्याबरोबर पुन्हा तिच्या रुग्णालयात गेल्यावर समजले. काउंटरवरची मुलगी प्रत्येकाचे आधार कार्ड मागून घेई आणि म्हणे, “आजी, मोबाईलवर आकडे आलेत बघा, मोठ्यांदा सांगा.” आजी आकडे सांगत आणि मागचे दहा जण ऐकत. हे खाते ऐच्छिक आहे, नको असेल तर बंद करता येते आणि त्यावाचून उपचार अडत नाहीत, यातले एक वाक्यही कोणी उच्चारले नाही. त्या मुलीला मी दोष देत नाही. तिच्यासमोर शंभर माणसे होती. पण ज्या संमतीवर ही सारी यंत्रणा उभी आहे, ती तिथे घेतलीच गेली नाही.

दुसरी गोष्ट फोनची. आमच्या तासगावच्या नातेवाइकांकडे सहा माणसांची खाती एकाच क्रमांकावर आहेत आणि तो फोन थोरल्या मुलाच्या खिशात असतो. सुनेच्या गर्भपाताची किंवा कोणाच्या एचआयव्ही तपासणीची नोंद उद्या खात्याला जोडली गेली, तर संमतीची विनंती येणार त्याच फोनवर.

गोपनीयता हा मूलभूत अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये सांगितले. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही झाला. पण आरोग्याची माहिती अधिक संवेदनशील मानून तिच्यासाठी वेगळा वर्ग त्यात ठेवलेला नाही, आणि मला ही मोठी उणीव वाटते.

मी माझे खाते चालू ठेवले आहे, मात्र झोपेच्या उपचारांची चिठ्ठी त्यातून काढून घरी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली आहे. आईला सगळे समजावून सांगितले तेव्हा तिने विचार करून साखरेचे रिपोर्ट राहू द्यायला सांगितले, आणि खाते भावाच्या क्रमांकावरून काढून तिच्या स्वतःच्या साध्या फोनच्या क्रमांकावर घ्यायला लावले. आता ओटीपी आला की ती चष्मा लावून आकडे वाचते आणि काउंटरवरच्या मुलीला कागदावर लिहून देते.