गूगल कॉन्टॅक्ट्स आणि व्हॉट्सॲप बिझनेस: पूर्ण सीझन वापरल्यानंतर

गोव्यात नुसत्या ‘नायक’ किंवा ‘फर्नांडिस’ नावाने नंबर ठेवला तर ऐन सीझनमध्ये हवा तो माणूस सापडत नाही. हॉटेल-होमस्टेंना माल किंवा सेवा पुरवणाऱ्यांना ही दोन मोफत ॲप्स पुरतात. नोंदी ठेवायची शिस्त मात्र हवीच.

गूगलमध्ये नाव, आडनाव, काम, गाव असा क्रम लावा: ‘सुरेश नायक होमस्टे म्हापसा’. लिपी एकच ठेवा. नंबर गूगल अकाउंटवरच सेव्ह करा, सिमवर नोट्स राहत नाहीत. आणि खरा फायदा नोट्समध्येच आहे. तारीख, काय ठरलं, पुढे कोणी काय करायचं, एवढंच लिहा: ‘५ ऑगस्ट. दीड टनाचे ४ एसी, सर्व्हिसिंग. दर आपण द्यायचा, चवथ झाल्यावर फोन.’ फोन लावण्याआधी ही ओळ वाचली की समोरच्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागत नाही. विश्वास बसतो तो तिथे.

डुप्लिकेट एकत्र करताना चूक झाली तर वेबवरून ३० दिवसांपर्यंतची जुनी यादी परत आणता येते. पण मधल्या नव्या नोंदीही त्यात पुसल्या जातात, म्हणून आधी यादी एक्स्पोर्ट करा, म्हणजे फाइल करून ठेवा.

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये, म्हणजे एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या यादीत, २५६ जण बसतात. ज्याने आपला नंबर सेव्ह केलेला नाही, त्याला मेसेज पोचतच नाही. आधी ओळखीचा एक साधा मेसेज पाठवून नंबर सेव्ह करायला सांगा. गूगलची लेबलं (नंबरांचे गट) इथे येत नाहीत, ही मोठी उणीव. इथली लेबलं चालू कामापुरतीच ठेवा: ‘दर दिला’, ‘पैसे बाकी’.

‘आजच कळवा’ असं लिहिलं की गिऱ्हाईक बिचकतं. त्याऐवजी खरं कारण द्या: पावसाळ्यात सर्व्हिसिंग झालं तर ऑक्टोबरच्या गर्दीत खोली बंद ठेवावी लागणार नाही. त्याच गावातल्या, तेवढ्याच खोल्यांच्या होमस्टेचं काम दाखवा, मालकाला विचारून. चारही एसींचं काम एकदम मागू नका, एकापासून सुरुवात करा. होकार लवकर मिळतो आणि कामही पारखलं जातं.

आपल्यावर कुणी घाई लादली तर दर मुदतीसकट लेखी मागा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ऑनलाइन विक्रीतल्या १३ फसव्या क्लृप्त्या दिल्या आहेत, त्यांत खोटी घाईही आहे. काजूचं पाकीट भेट देऊन मागोमाग सांगितलेला दरही दुसऱ्या दिवशीच तपासावा.

तीन-चार जणांना एकच यादी चालवायची असेल तर ही जोडी कमी पडते. साध्या गूगल खात्यातली यादी सगळ्यांना एकत्र वापरता येत नाही, आणि फाइल पाठवली की दोन वेगळ्या याद्या तयार होतात.