थेंब मोजायचे टेस्ट किट : घरच्या तरणतलावावरचे नऊ महिने

सासवडजवळच्या आमच्या शेतघरी ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल तलाव आहे. म्हणजे पाणी ४० हजार लिटर. बांधून देणाऱ्याने सोबत दोन नळ्यांचे स्वस्त किट दिले होते. एका नळीत क्लोरिन असेल तसे पाणी पिवळे होते, दुसरीत पीएचप्रमाणे (पाणी किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी ते) पिवळ्यापासून लाल-गुलाबीपर्यंत. दोन वर्षे त्यावरच भागले. यंदा मार्चअखेरीस मात्र दोन्ही नळ्या सर्व ठीक असल्याचे सांगत असताना पाणी हिरवट दिसू लागले, तेव्हा थेंब मोजून मापन करायचे मोठे किट मागवले. सात हजारांच्या घरातली ही खरेदी घरात कोणाला पटलेली नव्हती.

क्लोरिनची चाचणी अशी असते. नळीत खुणेपर्यंत १० मिलिलिटर पाणी घ्यायचे, त्यात चमचाभर पांढरी पूड टाकायची. पाणी गर्द गुलाबी होते. मग बाटली अगदी उभी धरून एकेक थेंब सोडायचा आणि नळी फिरवत राहायचे. गुलाबी रंग फिकटत जातो आणि एका थेंबाला एकदम नाहीसा होतो. एक थेंब म्हणजे अर्धा पीपीएम, अर्थात लिटरभर पाण्यात अर्धा मिलिग्रॅम क्लोरिन. हा गुलाबी की तो, असा छटांचा वाद इथे उरत नाही, आणि माझ्या दृष्टीने किटचे निम्मे पैसे तिथेच वसूल झाले.

पहिल्याच दिवशी दोन गोष्टी कळल्या. जुन्या नळीतला पिवळा रंग एकूण क्लोरिन दाखवत होता. त्या २ पीपीएममधले जेमतेम १ मोकळे होते. उरलेले घाम आणि इतर घाणीशी जोडले गेलेले, म्हणजे जवळपास निकामी झालेले. डोळे चुरचुरणे आणि तो उग्र वास यांचे कारण हेच जोडलेले क्लोरिन असते, आणि आपण मात्र ‘क्लोरिन जास्त झाले’ म्हणून डोस कमी करतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर होती. डिसेंबरपासून आम्ही टीसीसीए ९० या क्लोरिन सोडणाऱ्या रसायनाच्या २०० ग्रॅमच्या गोळ्या वापरत होतो, आठवड्याला तीन. या गोळ्यांतून क्लोरिनसोबत सायन्युरिक ॲसिडही पाण्यात उतरते. उन्हात क्लोरिन टिकवण्यासाठी ते ३० ते ५० पीपीएम हवेच असते. परंतु क्लोरिन खर्ची पडते आणि हे मागे साठत राहते. आमच्या तलावात एका गोळीमागे साधारण पावणेतीन पीपीएम, म्हणजे आठवड्याला आठ. चाचणीत पाणी दुधाळ होते आणि नळीच्या तळाचा काळा ठिपका दिसेनासा होतो त्या उंचीवर आकडा वाचायचा असतो. आमचा ठिपका पहिल्या खुणेआधीच गेला; पाणी निम्मे पातळ करून पुन्हा पाहिले तर ६०, म्हणजे मूळ १२०. इतक्या सायन्युरिकला मोकळे क्लोरिन त्याच्या साडेसात टक्के, म्हणजे ९ पीपीएम ठेवावे लागते. १ पीपीएमवर शेवाळ न धरते तरच नवल. निम्मा तलाव रिकामा करून १० हजार लिटरचे दोन टँकर घेतले आणि गोळ्या बंद करून सोडियम हायपोक्लोराइटचा, म्हणजे पातळ क्लोरिनचा, कॅन आणला. १० टक्क्यांच्या द्रावणाचे ४०० मिलिलिटर म्हणजे आमच्याकडे १ पीपीएम. कॅन सावलीत ठेवावा लागतो, उन्हाळ्यात त्याचा जोर लवकर उतरतो.

गोळ्या बंद होताच पीएच तिसऱ्या दिवशी ८.२ वर जाऊ लागला. गोळ्या आम्लधर्मी असल्यामुळे बोअरच्या पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल शोषून घेण्याची क्षमता, आजवर झाकली गेली होती. आता ती २४० पीपीएम भरली, हवी ८० ते १२०. हायड्रोक्लोरिक ॲसिडने पीएच ७.२ वर आणायचा, मग पाणी आत सोडणारे तोंड वर वळवून पृष्ठभाग खळाळता ठेवायचा. त्याने कार्बन डायऑक्साइड उडून पीएच चढतो, अल्कलिनिटी मात्र चढत नाही. पुन्हा ॲसिड, पुन्हा खळाळ. सहा आठवडे आणि सोळा-सतरा लिटर ॲसिड गेले तेव्हा ती १०० वर आली. मे महिन्यात रोज सुमारे सव्वादोनशे लिटर पाणी वाफ होऊन जाई आणि तेवढेच बोअरचे भरावे लागे, म्हणून हा हिशोब लांबला. फरशीच्या कडेला बसणारा पांढरा क्षारही त्याच भरणीचा. (ॲसिड नेहमी पाण्यात ओतावे, ॲसिडवर पाणी कधीही नाही. आणि टीसीसीएच्या डब्यातील चमचा ब्लीचिंग पावडरमध्ये चुकूनही घालू नये. त्याने आग लागू शकते.)

तक्रारीही आहेत. काळ्या ठिपक्याची चाचणी दोन माणसांच्या डोळ्यांनी दोन आकडे देते. ऊन पाठीवर घेऊन नळी कमरेपाशी धरली तर बरी जमते. कॅल्शियमच्या चाचणीत लालाचा निळा व्हायला हवा, आमचा जांभळ्यावरच अडला. कारण शोधता मार्चमध्ये तलाव सांभाळणाऱ्याने शेवाळावर टाकलेला मोरचूद निघाला. मोरचुदातल्या तांब्यामुळे असे होते. मोजणीचे पाचसहा थेंब आधी टाकून, ते हिशोबात धरून चाचणी केली की रंग नीट उतरतो. किटची पुस्तिका इंग्रजीत आहे आणि रोज पाणी पाहणार आमचे माळीकाका, त्यामुळे बाटल्यांवर मराठी चिठ्ठ्या चिकटवाव्या लागल्या. ‘दादा, आज सहा थेंबांत गेला’, असा काकांचा निरोप आता सकाळी फोनवर येतो. सायन्युरिक तेव्हाच्या ६० वरून पाऊस आणि फिल्टरच्या बॅकवॉशमुळे (उलट्या प्रवाहाने फिल्टर धुताना पाणी बाहेर जाते) ४० वर उतरले आहे, तेव्हा सहा थेंब म्हणजे तीन पीपीएम, एवढ्यावर आंघोळीला हरकत नसते. संध्याकाळी काका ८०० मिलिलिटर हायपो टाकतात.

किट पंपाच्या खोलीत ठेवू नये. आम्ही तीच चूक केली. उष्णता आणि ॲसिडच्या वाफा यांमुळे पीएचच्या थेंबांचा रंग बदलला आणि आठवडाभर चुकीचे आकडे मिळाले. आता ते स्वयंपाकघराच्या कपाटात असते. सायन्युरिकची बाटली सर्वांत आधी संपते, कारण एका चाचणीला भरपूर लागते. महिन्यातून एकदाच ती करावी. पुढच्या उन्हाळ्यासाठी ती आणि क्लोरिनची पूड, एवढेच मागवले आहे. अल्कलिनिटीची बाटली अजून निम्मी शिल्लक आहे.