कॅसेट प्लेअर सहा-सात महिने वापरल्यावर : सगळा खेळ एका स्क्रूचा

हे लिहायला बसले ते सर्व्हिस सेंटरमधून "मॅडम, तुमच्या कॅसेटच जुन्या आहेत, त्याला आम्ही काय करणार" हे उत्तर घेऊन आल्यामुळे. जुन्या कॅसेट ऐकायच्या नसत्या, तर कॅसेट प्लेअर घेतला कशाला असता? माझी तक्रार साधी होती. विकतच्या कॅसेट बऱ्या वाजतात, पण घरी भरून घेतलेल्या (रेकॉर्ड केलेल्या) मात्र घोंगडीआडून गायल्यासारख्या ऐकू येतात. कंपनीचं नाव देत नाही, कारण हे दुखणं आजच्या बऱ्याच नव्या प्लेअरांचं आहे.

आधी चांगलं सांगते. सुट्टीच्या दिवशी एखादं वाचून झालेलं पुस्तक पुन्हा उघडावं आणि शेजारी हा लावून ठेवावा, यासाठी हा झकास आहे. मोटरची घरघर नाही, बटणं दणकट आहेत. ऑटो-रिव्हर्स (एक बाजू संपली की आपोआप दुसरी लागणं) नसल्याचं सुरुवातीला खटकलं होतं, आता तेच आवडतं. सी-९० ची, म्हणजे नव्वद मिनिटांच्या कॅसेटची, एक बाजू ४५ मिनिटांत संपते, तेवढ्या वेळात एक-दोन प्रकरणं वाचून होतात आणि उठून पाय मोकळे होतात. मोबाइलसारखं 'पुढचं गाणं' सतत खुणावत नाही. रेडिओ बरा आहे. यूएसबीवर उतरवून घेण्याची सोय मात्र नावापुरती आहे, आवाजाची पातळी आपल्या हातात राहत नाही आणि मोठे स्वर फाटतात. त्यापेक्षा हेडफोनच्या जॅकमधून वायर काढून संगणकावर भरून घ्या.

आता मुद्द्याचं. कॅसेटची टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. त्या वेगाने १०,००० हर्ट्झचा, म्हणजे खूप उंच, स्वर भरला, की त्याची एक लहर पाच मायक्रॉनपेक्षाही (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कमी लांबीत बसते. तो परत वाचायचा तर हेडमधली, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागातली, बारीक फट टेपच्या दिशेला नेमकी काटकोनात हवी. हेड अर्धा अंश जरी कललं, तरी हा स्वर जवळजवळ पुसला जातो. टेपवर तो असतो, ऐकू मात्र येत नाही. आता प्रत्येक घरच्या रेकॉर्डरचं हेड थोडं वेगळ्या कोनात बसवलेलं असायचं. त्यामुळे ज्या यंत्रावर कॅसेट भरली, त्याचाच कोन तिला लागतो. या कोनाला अ‍ॅझिमथ म्हणतात आणि तो जुळवायला हेडच्या बाजूला, खाली बारीक स्प्रिंग असलेला एक स्क्रू असतो. सर्व्हिस सेंटरमधल्या माणसाला हे माहीत नसावं, याचाच मला जास्त राग आला.

पहिले दोन-तीन महिने कुणी विचारलं असतं, तर मी "घेऊ नका" म्हटलं असतं. मत बदललं ते या स्क्रूमुळे. माझ्या मॉडेलमध्ये दारावरची पारदर्शक पट्टी वर सरकवली की निघते आणि सील न फोडता स्क्रू दिसतो. कॅसेट चालू ठेवायची, आवाज मोनोवर (डावा-उजवा एकत्र करून) घ्यायचा आणि स्क्रू अगदी केसभर फिरवायचा. स्क्रू-ड्रायव्हर चुंबक लावलेला नको. माझ्याकडे आजीने पुस्तक वाचून दाखवतानाची एक कॅसेट आहे. तिच्यात 'स' आणि 'श' सारखेच ऐकू यायचे. पाव फेराही झाला नसेल, तोच दोन्ही वेगळे झाले, पान उलटल्याची सळसळ आली आणि वाक्याआधी तिने घेतलेला श्वाससुद्धा. ती संपूर्ण बाजू मी उभ्यानेच ऐकली. ही कॅसेट 'खराब' म्हणून टाकून द्या, असं मला सांगण्यात आलं होतं!

बाकी किरकोळ. मध्यंतरी बेल्ट सैल पडून आवाज लहरायला लागला होता, तो वॉरंटीत बदलून मिळाला. डॉल्बी, म्हणजे टेपची सूंऽऽ कमी करणारी सोय, नाही, त्यामुळे डॉल्बी बी (तिचाच एक प्रकार) वापरून भरलेल्या कॅसेटमध्ये सूंऽऽ जास्त येतं. ट्रेबल (उंच स्वरांचा जोर) थोडं उतरवलं की चालून जातं. वर्षानुवर्षं पडून राहिलेली कॅसेट लगेच वाजवू नका, आधी एकदा पूर्ण पुढे आणि मग पूर्ण मागे फिरवून घ्या. टेपला हेडवर दाबून धरणारी फेल्टची गादी गळून पडली नाही ना, तेही पाहा. ती नसेल तर कोन कितीही जुळवा, उपयोग नाही. हेड मधूनमधून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं.

स्क्रूची मूळ जागा मार्करने खूण करून ठेवा, म्हणजे विकतच्या कॅसेटसाठी परत तिथे आणता येतो. आणि कंपनीला एकच मागणं आहे. त्या पारदर्शक पट्टीत स्क्रूच्या समोर स्क्रू-ड्रायव्हर जाईल एवढं एक भोक पाडा आणि ते कशासाठी आहे, हे माहितीपत्रकात दोन ओळींत छापा. यात तुमचा खर्च काहीच नाही, पण कितीतरी घरांतल्या कॅसेट कचऱ्यात जायच्या थांबतील.