टाकी, अभ्यासिका आणि दोन निधी

मंगळवेढ्याकडच्या एका सरपंचताईंनी विचारलं: पाण्याची टाकी आणि मुलींसाठी अभ्यासिका करायचीय, वित्त आयोगाचा निधी (केंद्राकडून ग्रामपंचायतीला मिळणारा) वापरू की कंपनीकडे सीएसआर (कंपन्यांनी समाजकार्यासाठी खर्चायचा पैसा) मागू?

खटपट दोन्हीकडे आहे. आयोगाच्या निधीसाठी काम ग्रामसभेतून विकास आराखड्यात यावं लागतं. सीएसआरसाठी बहुतेकदा १२अ, ८०ग (दोन्ही प्राप्तिकर सवलतीच्या नोंदण्या) आणि सीएसआर-१ (सीएसआरची कामं करण्यासाठीची सरकारी नोंदणी) असलेली संस्था शोधावी लागते. गावातल्या मंडळांकडे ही कागदपत्रं क्वचितच असतात.

पैशाचं म्हणाल, तर पंधराव्या आयोगात ६० टक्के निधी पाणी-स्वच्छतेला बांधील होता, ४० टक्के मोकळा. पण मोकळ्यातूनही पगार देता येत नव्हते. मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सीएसआरवर खर्चावे लागतात, मात्र तुमच्याच गावात असं बंधन नाही. कंपनीच्या माहितीपुस्तिकेतले फोटो सोडा, करारपत्र वाचा.

खरी मेख देखभालीची. मोटार जळाली, वीजबिल थकलं, तर कोण बघणार? प्रकल्प संपला की कंपनी निघून जाते. रंगवलेली पण कोरडी टाकी मी पाहिलीय, जीव तुटतो. ग्रामपंचायतीच्या टाकीला निदान पाणीपट्टीचा आधार असतो.

म्हणून ताई, टाकी आयोगाच्या निधीतूनच करा. अभ्यासिकेची पुस्तकं, संगणक, शिकवणाऱ्या ताईंचं मानधन यासाठी सीएसआर मागा, आणि तोही तीन वर्षांचा लेखी.