अंगठ्याचा टेंडन जोडल्यानंतर रेडिमेड थंब स्पायका किती कामाचा?

मुरगळलेल्या अंगठ्यासाठी रेडिमेड थंब स्पायका स्प्लिंट, म्हणजे अंगठा आणि मनगट स्थिर धरणारा आधार, चांगलाच आहे. मऊ अस्तर, वेलक्रोचे पट्टे, आत वाकवता येणारी धातूची पट्टी, घालायलाही सोपा. पण अंगठा सरळ करणाऱ्या लांब टेंडनची (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या भागाची) शस्त्रक्रिया झाली असेल, तर पहिले ४ आठवडे त्यावर विसंबू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

हा टेंडन मनगटाच्या मागच्या बाजूला लिस्टर्स ट्यूबरकल या हाडाच्या उंचवट्याला वळसा घालून अंगठ्याकडे जातो. त्या वळणावर जागा अरुंद आणि रक्तपुरवठा तोकडा. मनगटाचं हाड जागा न सोडता नुसतं तडकलं, तर टेंडनवरचं आवरण शाबूत राहतं, आत रक्त साचून दाब वाढतो आणि टेंडन झिजत जातो. म्हणूनच किरकोळ वाटलेल्या फ्रॅक्चरनंतर काही आठवड्यांनी अंगठा एकाएकी उचलेनासा होतो, तोही अनेकदा फारसं न दुखता. रुमॅटॉइड संधिवात किंवा फ्रॅक्चरसाठी बसवलेल्या प्लेटचा मागे बाहेर आलेला लांब स्क्रू यांमुळेही हे घडतं. तपासताना तळहात टेबलावर सपाट ठेवून फक्त अंगठा उचलायला सांगावा. टोकाचं पेर सरळ होतं का, एवढंच पाहिलं तर फसगत होते, कारण अंगठ्याचे छोटे स्नायू ते थोडंफार सरळ करतातच.

झिजून तुटलेल्या टोकांच्या चिंध्या झालेल्या असतात आणि स्नायू आखडलेला असतो, त्यामुळे टोकाला टोक शिवणं बहुधा जमत नाही. म्हणून तर्जनीकडून एक टेंडन उसना घेतात. तर्जनी सरळ करणारे टेंडन दोन असतात. त्यातला करंगळीच्या बाजूचा तर्जनीच्या मुळाशी कापतात, मनगटाजवळच्या छेदातून बाहेर घेतात, त्वचेखालून अंगठ्याकडे वळवतात आणि तुटलेल्या टेंडनच्या पुढच्या भागात आरपार विणून टाके घालतात. सगळी मदार ताणावर असते. सैल राहिला तर अंगठा उचलत नाही, फार घट्ट झाला तर मुठीत येत नाही. मनगट खाली वाकवल्यावर अंगठा सरळ व्हायला हवा आणि मागे उचलल्यावर तळहाताकडे यायला हवा. भूल फक्त जागेवरच्या इंजेक्शनची असेल तर रुग्णालाच अंगठा हलवायला सांगून हे तिथल्या तिथे पाहता येतं.

आता ही वीण जपायची तर साधारणपणे मनगट २० ते ३० अंश मागे, अंगठा बाहेर आणि टोकाचं पेर सरळ हवं. रेडिमेड स्प्लिंट इथेच कमी पडतो. बहुतेक मॉडेल टोकाचं पेर मोकळं सोडतात आणि अंगठा पेला धरल्यासारखा पुढे ठेवतात. मोबाइल चिमटीत धरला की पेर वाकतं आणि वीण ताणली जाते. सूज ओसरली की तोच स्प्लिंट ढिला होतो; मग पट्टा करकचून आवळला जातो, अंगठ्यामागची संवेदना नेणारी नस दबते आणि मुंग्या येतात.

हातावर बेतलेला थर्मोप्लास्टिकचा स्प्लिंट महाग पडतो, तरी या काळात तोच घ्यावा. या प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करून हातावर बसवला की काही मिनिटांत कडक होतो. स्प्लिंट मनगटापासून कोपराकडे, त्या भागाच्या दोन तृतीयांश लांबीपर्यंत आणि पुढे अंगठ्याच्या टोकापर्यंत हवा. बाकीची बोटं मुळापासून मोकळी. मनगटाच्या अंगठ्याकडच्या हाडावर साचा घेण्याआधीच पॅड ठेवावा. नंतर आतून चिकटवला तर उलट दाब वाढतो. सूज उतरल्यावर पुन्हा गरम करून बसवून घ्यावा. उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नये, आकार जातो.

काही सर्जन हालचाल लवकर सुरू करतात. तिथे त्यांचंच वेळापत्रक पाळावं. ४ आठवड्यांनंतर व्यायाम सुरू झाले की झोपताना आणि गर्दीत रेडिमेड स्प्लिंट सोयीचा. मात्र धातूची पट्टी काढता येणारं मॉडेल घ्यावं, म्हणजे ती स्वतःच्या मनगटाप्रमाणे वाकवून घेता येते. वजन उचलायला साधारण १२ आठवडे थांबावं, मग स्प्लिंट कोणताही असो.